शॅकल दोन इंच लांब केलात तरी डिफ तिथंच राहतो, भाऊ

पावसाळा लागला की आमच्याकडं दोन गोष्टी न पेरता उगवतात, एक टाकळा आणि दुसरा ऑफरोड गाडी सुधारायचा तो फॉरवर्ड. वर ठळक अक्षरात "शोरूमवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत", खाली चिखलात माखलेल्या जुन्या थारचा फोटो आणि मग आठ मुद्दे. शॅकल (सस्पेन्शनचे पाटे चॅसीला लटकवणारी कडी) लांब करा, क्लिअरन्स दोन इंच वाढेल. टॉर्शन बार पिळा, पुढून फुकट लिफ्ट. मागं एक पाटा (कमानीची पोलादी पट्टी) जास्तीचा टाका. पाट्यांना जळकं ऑइल मारा. एलईडीला रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) लागत नाही. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका. विंचसाठी (दोरानं गाडी ओढणारं यंत्र) दोन बॅटऱ्या जोडा. वायरच्या सॉकेटमध्ये सिलिकॉन भरा की गाडी पाणबुडी झाली. आणि शेवटी "आरटीओ काही विचारत नाही, लिफ्ट एकदा केली की परत बघायलाही लागत नाही". यंदा मला तो तीन जणांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा मावसभाऊ, त्यानं नुकतीच सेकंडहँड थार घेतलीये आणि खाली विचारलंय, "दादा, एवढं सगळं करून घेऊ का?" त्याला फोनवर सांगायला बसलो तर अर्धा तास गेला आणि तिसऱ्या मुद्द्यावरच अडकलो, म्हणून आता एकदाच लिहून काढतो.

मी इंजिनिअर वगैरे नाही, आधीच सांगतो. नऊ वर्षं महिंद्राची एमएम ५४० जीप होती, आता २०१६ ची थार सीआरडीई आहे, म्हणजे पुढं टॉर्शन बार आणि मागं पाटे असलेली जुनी, २०२० ला आली ती कॉइलवाली नव्हे. हा फरक त्या फॉरवर्डमध्ये कुठंच नाही. नवीन थारला शॅकलच नाही तर लांब काय करणार, पण फोटो जुन्या थारचा आणि खाली लिहिलंय "सर्व फोर बाय फोरसाठी". जिप्सीला चारी बाजूला पाटे, जिम्नीला चारी बाजूला कॉइल पण अॅक्सल अखंड, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, नव्या फोर्स गुरखाला पुढं विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र, आणि मागं अखंड अॅक्सल. एकाच औषधावर अख्खा दवाखाना चालवायचा असला प्रकार आहे हा.

तर शॅकल. "शॅकल दोन इंच लांब, क्लिअरन्स दोन इंच जास्त." यात दोन चुका आहेत आणि दोन्ही तुम्ही घरी टेपनं मोजू शकता. पाट्याचं एक टोक चॅसीला पक्कं, दुसरं शॅकलवर लटकलेलं आणि अॅक्सल या दोघांच्या साधारण मधोमध बांधलेला. एका टोकाला दोन इंच वाढवले की मध्यावर एकच इंच मिळतो, झोपाळ्याची एक कडी लांब केली तर फळीचा मध्य किती खाली येतो तेच गणित. म्हणजे पैसे दोन इंचाचे आणि गाडी उठली एक इंच. आणि दुसरी चूक जास्त मोठी, तो जो एक इंच उठला तो चॅसीचा, डिफचा नाही! अखंड अॅक्सलच्या गाडीत दगडाला पहिलं काय लागतं तर डिफचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर ज्यात असतात तो), आणि तो गोळा अॅक्सलमध्ये आहे, अॅक्सल चाकांवर उभा आहे, मधल्या पाट्यांचं तुम्ही काहीही केलंत तरी त्याचं जमिनीपासूनचं अंतर तेच राहणार. ते वाढतं फक्त टायरनं. जुन्या थारचा टायर २३५/७० आर १६, म्हणजे व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. त्याजागी ३१ इंची टाकला तर ७८७, फरक ५२, त्याचा निम्मा डिफखाली, म्हणजे जेमतेम एक इंच. बदल्यात स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी चौसष्टनं चाललेली असेल आणि घाटात पहिल्या गिअरमध्ये जो दम होता तो सात टक्क्यांनी कमी झालेला जाणवेल.

मग लिफ्ट बिनकामाची का, तर अजिबात नाही. मोठा टायर वळताना फेंडरला घासू नये म्हणून लिफ्ट लागते, बांधावरून जाताना चॅसीचं पोट टेकू नये म्हणून लागते, पुढचा बंपर उतारावर नांगर होऊ नये म्हणून लागते. फक्त "दगड आता डिफला लागणार नाही" या भ्रमात कुणी राहू नये, कारण त्या भ्रमात माणूस आधी ज्या दगडाला वळसा घालायचा त्याच्यावरून सरळ जायला लागतो.

आता लांब शॅकलनं बाकी काय होतं ते. मागच्या पाट्याचं मागचं टोक खाली गेलं की अख्खा अॅक्सल थोडा गोल फिरतो आणि पिनियनचं, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जिथं अॅक्सलला जोडतो त्या भागाचं, तोंड वर होतं. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे क्रॉस (फिरते सांधे) असतात त्यांचे कोन एकमेकांना जुळलेले असावे लागतात, नाहीतर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात थोडा पुढं थोडा मागं करत फिरतो. माझ्या ५४० ला हेच झालेलं, साठच्या पुढं गेलं की सीटखालून घूंऽऽ असा आवाज आणि गिअरचा दांडा थरथरतोय. मिस्त्री म्हणाला टायर बॅलन्स करून घे, केले. मग म्हणाला इंजिन माउंट, तेही बदललं. शेवटी दोन महिन्यांत क्रॉस बेरिंगचा भुगा झाला तेव्हा एका म्हाताऱ्या कमानवाल्यानं (पाट्यांचं काम करणाऱ्या) खाली वाकून एकदा बघितलं आणि विचारलं, "शॅकल कुणी बदललं?" त्यानं अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये तिरकी पाचर बसवून दिली, पिनियन परत जागेवर आला, आवाज गायब. आणि ज्या जुन्या जीपना पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं त्यांच्यात हाच प्रकार पुढं केला तर कास्टर (चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागं झुकलेला कोन) कमी होतो, मग वळून झाल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेला गाडी बैलगाडीसारखी हिंडते.

अजून एक बारीकसं, जे मला स्वतःला फार उशिरा कळलं. बऱ्याच पिकअप आणि युटिलिटी गाड्यांना मागच्या अॅक्सलपासून चॅसीपर्यंत एक बारीक दांडा गेलेला असतो, तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा. गाडी भरली की मागून बसते, दांडा ढकलला जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. तुम्ही गाडी तीन इंच उचलली की त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायमची रिकामी आहे, मग मागचे ब्रेक कमी प्रेशरवर आणि सगळा भार पुढच्यांवर, तेही ओल्या घाटात. लिफ्ट केल्यावर तो दांडा परत सेट करावा लागतो, पण फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही. ब्रेकच्या रबरी नळीचं पण नाही, चाक पूर्ण लटकलं की ती ताणून सतारीची तार होते की नाही हे जॅक लावून बघायचं असतं. आणि काही जण शॅकलऐवजी पाट्याखाली लोखंडी ठोकळा घालतात, मागं ठीक आहे, पण एकच, एकावर एक रचायचे नाहीत आणि पुढच्या अॅक्सलला तर कधीच नाही, ब्रेक मारल्यावर तो ठोकळा निसटला तर सांगायला कोण राहणार.

टॉर्शन बारची गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो कारण हा गाढवपणा मी केलेला आहे. थार घेतल्याच्या पहिल्याच वर्षी, एका गॅरेजमध्ये, नाव घेत नाही, दहा मिनिटांत दोन्हीकडचे अॅडजस्टर बोल्ट पिळून दिले आणि पुढून गाडी दीड इंच उठली, मी खुशीत चहा पाजला. घरी येईपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकर उतरताना पुढून ठक्. फॉरवर्ड म्हणतो "बार पिळला की सस्पेन्शन कडक होतं", लोकांनाही तसंच वाटतं, पण बार काही कडक होत नाही. बार म्हणजे पिळ घेणारी एक सळई, तिचा कडकपणा तिच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो, बोल्टवर नाही. बोल्टनं तुम्ही फक्त ती कुठून पिळायला सुरुवात होते ते हलवता. मग कडक का लागतं? तर समजा चाकाला वर जायला तीन इंच आणि खाली लटकायला तीन इंच जागा आहे. तुम्ही गाडी दीड इंच उचलली म्हणजे लटकण्याची निम्मी जागा उभ्या उभ्याच खाऊन टाकली. आता खड्डा आला की चाक खाली जाता जाता वरचा आर्म त्याच्या रबरी स्टॉपवर जाऊन आपटतो, तोच तो ठक्. ऑफरोडला तर उलटंच हवं असतं, खड्ड्यात चाकानं खाली जाऊन जमिनीला धरून ठेवलं पाहिजे. आपण नेमकी तीच जागा विकून टाकतो आणि वर म्हणतो फुकट लिफ्ट.

त्याच पावसाळ्यात उजव्या बाजूचा सीव्ही बूट (चाकाकडं जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) फाटला, कारण शाफ्टचा कोन वाढला की त्या रबरी घड्या एका बाजूनं कायम दाबलेल्या आणि दुसऱ्या बाजूनं कायम ताणलेल्या. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल आत, आणि मग वळताना कटकटकट. बॉल जॉइंटही त्याच हिवाळ्यात गेला. मी बार परत ढिला केला, आता मूळ उंचीपेक्षा अर्धा इंचच वर आहे आणि अलाइनमेंट करून घेतलंय, हे दुसरं काम कुणी करत नाही आणि मग सहा हजार किलोमीटरमध्ये टायर एका बाजूनं टक्कल पडलेला सापडतो.

"मागं एक पाटा वाढवा, गाडी मजबूत." कुणासाठी? तुमच्या कॅम्परमध्ये कायम सामान असेल, पाण्याचे कॅन, टपावर तंबू, मागं स्टेपनी आणि जेरीकॅन, तर जरूर टाका, पाटे बसलेले असतील तर कमानवाल्याकडून कमान परत काढून घ्या, ते तर आधी करा. पण रिकाम्या थारला पाटा वाढवणं म्हणजे ऑफरोडला स्वतःच्या पायात दोरी बांधून घेणं. पाच सारखे पाटे आहेत तिथं सहावा टाकला की कडकपणा अंदाजे वीस टक्क्यांनी वाढतो, हे तरी ठीक. लोक मात्र ट्रकचा जाड पाटा आणून घालतात आणि जाडीचं गणित घनाचं आहे, सहा मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा म्हणजे तो एकटा पाटा सव्वादोन पटींहून जास्त कडक. मग होतं काय की पाणंदीत एक चाक खड्ड्यात गेलं की अॅक्सल वाकडा व्हायला तयारच नाही, समोरच्या कोपऱ्यातलं चाक हवेत, आणि साध्या डिफमध्ये जे चाक हवेत तेच गरगर फिरणार, जमिनीवरचं मख्ख उभं. २०१५ नंतरच्या जुन्या थार सीआरडीईला मागं लॉकिंग डिफ आहे म्हणून ती निसटते, बाकीच्यांनी ट्रॅक्टर बोलवायचा. डांबरी रस्त्यावरच्या माणसाला कडक म्हणजे मजबूत वाटतं, दगडात मऊ आणि लांब चालणारं सस्पेन्शन लागतं आणि ते सांभाळायला चांगला शॉकअप लागतो. शॉकअपचं सगळ्या फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही! गाडी उचलली आणि शॉकअप जुन्याच लांबीचा ठेवला तर खाली लटकताना पाटा नाही, शॉकअपच शेवटाला जाऊन थांबतो आणि एक दिवस त्याचा डोळा तुटून हातात येतो.

जळकं ऑइल. पाट्यांचा कुईकुई आवाज बंद होतो, खरंय, आमच्या वडिलांच्या वेळेपासून सगळे ड्रायव्हर मारतात. पण त्या ऑइलला फुफाटा चिकटतो आणि पाट्यांमध्ये पॉलिशपेपर तयार होतो, शिवाय ते खाली झिरपून शॅकलच्या रबरी बुशला फुगवतं. धुवा, वाळवा, फारच कुरकुर असेल तर कमान उघडून मधले पॅड बदला नाहीतर ग्रॅफाइट ग्रीस लावा. संपला विषय.

आता वायरिंग, आणि इथं मी जरा चिडून लिहिणार आहे कारण सस्पेन्शन चुकलं तर गाडी उड्या मारते, वायरिंग चुकलं तर गाडी जळते.

"एलईडी कमी करंट घेते म्हणून रिलेची गरज नाही, थेट स्विचमधून घ्या." एक अठरा वॅटचा छोटा वर्क लाइट असेल तर कबूल, दीड अँपिअर, काही बिघडत नाही. पण लोक काय लावतात तर टपावर बार आणि बंपरवर दोन स्पॉट. माझ्या बारच्या डब्यावर तीनशे वॅट छापलेलं होतं, क्लॅम्प मीटर लावला तर दहा अँपिअर निघाले, म्हणजे एकशे तीस-पस्तीस वॅट, असो, छापणाऱ्याला कोण धरणार. त्यात स्पॉटचे चार-चार, झाले अठरा. आता ती बाजारातली बारीक लाल-काळी वायर, एक स्क्वेअर एमएमची, चार मीटर जायला आणि चार यायला. आठ मीटर तांब्याच्या त्या वायरचा रेझिस्टन्स होतो ०.१४ ओहम, अठरा अँपिअरला अडीच व्होल्ट वायरमध्येच पडले आणि पंचेचाळीस वॅटची उष्णता त्या वायरमध्ये तयार झाली, एक सोल्डरिंग आयर्न तुमच्या डॅशबोर्डमागं लावून ठेवल्यासारखं. वर गंमत अशी की बऱ्याच एलईडीच्या आतला ड्रायव्हर व्होल्टेज कमी पडलं की उजेड कायम ठेवायला करंट अजून जास्त ओढतो. चार स्क्वेअरची वायर घेतली तर हेच अडीच व्होल्ट पाऊण व्होल्टच्याही खाली येतात.

रिलेचं काम इतकं सोपं आहे की न लावण्याला कारणच नाही. चार पाय असतात, खाली नंबर कोरलेले. तीसला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, सत्त्याऐंशीवरून लाइटला, पंच्याऐंशी-शहाऐंशी ही आतली कॉइल, एकाला स्विच एकाला अर्थ. डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त कॉइलचा करंट जातो, एक पंचमांश अँपिअरसुद्धा नाही. जाड वायर बॉनेटमध्येच राहते. रिले, होल्डर, फ्यूज आणि वायर मिळून दोन माणसांच्या मटण थाळीच्या बिलात बसतं. आणि हेच शंभर-नव्वदचे हॅलोजन टाकणाऱ्यांनाही लागू, मूळ बल्ब साठ-पंचावन्नचा असतो, वायर आणि स्विच तेवढ्यावर ठरवलेले असतात. कॉम्बिनेशन स्विच तापून वितळल्याचा वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही.

फ्यूजवाला मुद्दा वाचून तर मी फोन खाली ठेवला होता. "फ्यूज सारखा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा टाका, प्रॉब्लेम कायमचा बंद." हो, कायमचाच. फ्यूज लाइटला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. पिवळा वीसचा काढून हिरवा तीसचा लावला, तोही उडाला म्हणून गुटख्याच्या पुडीची चांदी गुंडाळली, तर आता त्या सर्किटमधली सगळ्यात कमजोर गोष्ट वायर झाली, म्हणजे वायरच फ्यूज, आणि ती कार्पेटखाली, डिझेलच्या पाइपशेजारून जाते. मुळशीच्या बाजूला आमच्यातल्या एकाच्या गाडीत हे झालं. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, आधी माशाच्या वासासारखा काहीतरी वास आला, मग डॅशच्या फटीतून पांढरा धूर. चावी काढली तरी धूर चालूच, कारण जोडणी थेट बॅटरीवरून होती. बॉनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल काढायला दहाचा पाना हवा, पाना मागच्या डब्यात, डब्यावर तीन बॅगा. शेवटी एकानं पक्कडीनं टर्मिनल मुरगाळून उपटलं. दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घातलेलं नव्हतं, पत्र्याच्या धारेनं वायर कापत कापत तांब्यापर्यंत गेलेली. फ्यूज गेला महिनाभर ओरडून हेच सांगत होता. तेव्हापासून माझ्या गाडीत दहाचा पाना बॅटरीशेजारी दोरीनं बांधलेला आहे आणि प्रत्येक नवीन वायरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, पलीकडं लाइटजवळ नाही, कारण फ्यूजच्या अलीकडं जे काही शॉर्ट होईल त्याला वाली कोण.

विंचसाठी दोन बॅटऱ्या, हा मुद्दा निम्मा बरोबर आहे. साडेनऊ हजार पौंडी विंच पूर्ण ताणावर चारशे अँपिअरच्या आसपास ओढते, आपल्या गाड्यांचे अल्टरनेटर शंभरच्या आसपासचे, तेही इंजिन चांगलं फिरत असताना, उरलेले तीनशे बॅटरीतून. सलग पाच मिनिटं ओढली तर पंचवीस अँपिअर-अवर गेले, मग गाडी निघते पण परत स्टार्ट होत नाही. तर दुसरी बॅटरी हवी असं वाटणं साहजिक आहे. पण ती "जोडा" म्हणजे कशी? जुनी आणि नवी अशा दोन बॅटऱ्या नुसत्या प्लसला प्लस जोडून ठेवल्या की रात्रभर चांगली बॅटरी मेलेलीला दूध पाजत बसते आणि सकाळी दोन्ही रिकाम्या. मध्ये आयसोलेटर लागतो, इंजिन चालू असताना जोडणारा आणि बंद झाल्यावर तोडणारा, आणि मधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज. त्याहून स्वस्त उपाय फॉरवर्डमध्ये नाहीच, स्नॅच ब्लॉक (कप्पी) लावून दोर दुहेरी करा, विंचवरचा ताण जवळपास निम्मा, करंटही त्या मानानं खाली. ड्रमवर दोराचा जितका कमी थर तितकी विंचची ओढ जास्त, म्हणून जवळचं झाड सोडून जरा लांबचं धरा. आणि आधी फावडं वापरा राव, चाकापुढचा चिखल काढला की अर्धं काम होतं.

सिलिकॉन. बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन दाबल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते अॅसिटिक अॅसिड आहे, ते सुकताना तांब्याला खातं. सॉकेट वरून एकदम सीलबंद दिसतं आणि आत पिना हिरव्या. त्याऐवजी डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, सॉकेटचं तोंड खाली करून बांधा, आणि वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी तिला थोडा झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला येऊन खाली पडतं, आत जात नाही. "पाणबुडी" म्हणणाऱ्यांना अजून एक, नव्या थारची कंपनीनं सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, साधारण मांडीपर्यंत, आणि ती संथ पाण्यातली, ओढ्याला लोंढा आलेला असताना नव्हे. गरम झालेला डिफ थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या-यायच्या भोकातून, पाणी ओढून घेते, मग ऑइल उघडलं की चहा निघतो, दुधाचा. ब्रीदरला नळी लावून ती बॉनेटमध्ये उंच न्यायची, हे काम पन्नास सिलिकॉन ट्यूबांपेक्षा मोलाचं आहे.

आणि ज्याचा आठ मुद्द्यांत उल्लेखच नाही ते म्हणजे अर्थिंग. माझ्या अनुभवात दहातल्या सात इलेक्ट्रिकल भानगडी तिथं निघतात. इंजिन रबरावर बसलेलं, बॉडीसुद्धा चॅसीवर रबरावर, म्हणजे या तिघांना जोडणाऱ्या पट्ट्या गंजल्या की करंटला घरी परतायला वाटच नाही. इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच्या तालावर लुकलुकतो, हॉर्न दाबला की मीटरचा काटा नाचतो, आणि माणूस बॅटरी बदलून येतो. मित्राच्या कॅम्परला आम्ही दोन बॅटऱ्या आणि एक स्टार्टर खाऊ घातल्यावर भोरच्या अलीकडं एका टपरीसमोर मल्टिमीटर काढला. वीस व्होल्ट डीसीवर ठेवायचा, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे खुंटीवर, लाल सुई इंजिनच्या उघड्या लोखंडावर आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. ०.२, फार तर ०.३ च्या आत आलं तर ठीक. आम्हाला १.४ दिसलं. इंजिनपासून चॅसीला येणारी विणलेली पट्टी बोल्टखाली अशी दिसत होती की जणू पितळी भांडं चिंचेत ठेवून विसरलंय. बोल्ट काढून पॉलिशपेपरनं खालचा रंग पार उडवला, पट्टी परत आवळली, वरून ग्रीस, एका झटक्यात स्टार्ट. टपरीवाला म्हणाला, "एवढंच होतं व्हय?"

आरटीओ विचारत नाही, हे खरंय, विचारेपर्यंत विचारत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीनं दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. दंड परवडतो असं म्हणणारे भेटतात. अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून फोटो काढतो तेव्हा त्यांचा चेहरा बघायचा असतो.

राहिलं "परत बघायला लागत नाही". पाटे उघडून परत बांधले की नवीन यू बोल्ट (पाटे अॅक्सलला आवळणारे) घ्या, जुने एकदा ताणलेले असतात ते परत तशी पकड देत नाहीत, आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गाडी जमिनीवर उभी असताना परत आवळा. मी प्रत्येक नटवर आणि त्याच्या बोल्टवर मिळून पांढऱ्या मार्करची एक रेघ मारतो, ट्रिपहून आल्यावर गाडी धुताना टॉर्चनं बघायचं, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पाच मिनिटांचं काम आहे. पाट्यांमधून जाऊन अॅक्सल जागेवर धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं तुटलं तर एका बाजूनं अॅक्सल मागं सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, मागून येणाऱ्याला आधी कळतं, आपल्याला नंतर.

मावसभावाचा रविवारी परत फोन आला. शॅकल बनवायला टाकलेत म्हणाला, अॅडव्हान्स पण दिलाय. म्हटलं राहू दे घरात, बसवू नकोस, आधी गाडी घेऊन इकडं ये आणि येताना पंचवीस स्क्वेअरची मीटरभर केबल आण. त्याची थार मी मागच्या आठवड्यात खालून बघितलीये, अर्थची पट्टी निम्मी तुटलेली आहे आणि उजव्या शॉकअपचं बुश तर नाहीच्चे.